एनवायूचं ॲडमिट आलंय, पण एक कोटी घालायचे का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च आला की ॲडमिट म्हणजे प्रवेशाची पत्रं यायला लागतात आणि तेच तेच प्रश्न सुरू होतात, पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून, कधी मुलाचे तर कधी थेट वडिलांचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे मुख्यतः न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी म्हणजे एनवायूबद्दल आहे, आणि त्यातही त्यांच्या टँडन या इंजिनिअरिंग स्कूलला एमएस करायला येणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. मी जर्सी सिटीत राहतो, ऑफिस मॅनहॅटनला, त्यामुळे ट्रेनमध्ये ही पोरं रोज दिसतात, बोलतात. आकडे ढोबळ आहेत, डॉलर ९० रुपये धरलाय, फी दरवर्षी वाढते, तेव्हा ताजा आकडा साईटवर बघूनच हिशोब करा.

टोटल खर्च किती येतो, खरा खरा सांगा?

टँडनला एमएस म्हणजे साधारण ३० क्रेडिट. एका क्रेडिटचा रेट २००० डॉलरच्या वर कधीच गेलाय. वर रजिस्ट्रेशन फी आणि बाकी किरकोळ फिया धरल्या की शिकण्याचेच ६५ ते ७० हजार डॉलर होतात. मग राहणं-खाणं-प्रवास, तीन-चार जणांत शेअर करून, काटकसरीने, महिन्याला १५०० ते २००० डॉलर, आणि हे सोळा ते वीस महिने चालतं. हेल्थ इन्शुरन्स वेगळा, तो वर्षाला काही हजार डॉलर खातो आणि बरेच जण बजेटमध्ये धरायलाच विसरतात. विमान, व्हिसा, लॅपटॉप, थंडीचे कपडे. सगळं मिळून एक लाख ते एक लाख दहा हजार डॉलर, म्हणजे ९० लाख ते १ कोटी. कन्सल्टंट तुम्हाला ६०-६५ लाख सांगत असेल तर तो फक्त ट्यूशन सांगतोय, पुढची ओळ विचारा.

एवढं महाग का आहे पण? हार्वर्ड पण नाही आणि फी तेवढीच?

कारण एनवायू बऱ्यापैकी फीवर चालते. मोठ्या जुन्या श्रीमंत युनिव्हर्सिट्यांकडे देणग्यांचा गुंतवलेला निधी असतो, त्याला एण्डोमेंट म्हणतात, त्याच्या व्याजावर बराच खर्च निघतो. एनवायूकडे पण काही अब्ज डॉलर आहेत पण विद्यार्थी पन्नास हजारांच्या वर, म्हणजे डोकी मोजून भागाकार केला की प्रत्येकाच्या वाट्याला प्रिन्स्टन-येलच्या मानाने फारच कमी येतं. त्यात जागा कुठली, तर मॅनहॅटनमधलं वॉशिंग्टन स्क्वेअर आणि डाउनटाउन ब्रुकलिन, तिथे एक वर्ग बांधायचा तरी काय भाव पडतो विचार करा. आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त परदेशी विद्यार्थी असलेली युनिव्हर्सिटी म्हणून एनवायू गेली अनेक वर्षं पहिल्या नंबरवर आहे. परदेशी एमएसवाला म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण फी भरणारा. यात काही चोरी नाहीये, पण तुम्ही या हिशोबात कुठे बसता ते माहीत असावं.

आणि हो, नावात न्यूयॉर्क आहे म्हणून ती सरकारी नाहीये. बऱ्याच पालकांना वाटतं की आपली मुंबई युनिव्हर्सिटी तशी ही न्यूयॉर्कची. नाही. १८३१ पासूनची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे. सरकारी बघायची तर राज्याची सनी आणि शहराची क्यूनी, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

रँकिंग तर भारी आहे ना? जगात टॉप ५० च्या आसपास!

आहे, खोटं नाही. पण हे रँकिंग कशाचं आहे ते बघा ना आधी.

क्यूएस या जगभरच्या युनिव्हर्सिट्यांच्या रँकिंगचं उदाहरण घेऊ कारण आपल्याकडे तेच जास्त चालतं. त्यात ३० टक्के मार्क प्राध्यापकांच्या सर्व्हेला आणि १५ टक्के कंपन्यांच्या सर्व्हेला. म्हणजे जवळजवळ निम्मा नंबर हा लोकांना काय वाटतं यावर ठरतो, आणि ज्या शहराचं नाव जगातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे त्या शहराच्या युनिव्हर्सिटीबद्दल लोकांना बरंच काही वाटणार हे उघड आहे. अजून २० टक्के रिसर्च पेपरच्या सायटेशनला, म्हणजे ते इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले त्याला. तुम्ही ज्या वर्गात बसणार तिथे किती पोरं आहेत, शिकवतो कोण, एमएस संपल्यावर किती जणांना नोकरी लागली, हे त्यात जवळजवळ नाहीच. एम्प्लॉयमेंट आउटकम म्हणून ५ टक्के आहेत, तेही अख्ख्या युनिव्हर्सिटीचे, तुमच्या कोर्सचे नव्हेत.

यूएस न्यूज या अमेरिकन रँकिंगचं वेगळंच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी फॉर्म्युला बदलला, वर्गाचा आकार वगैरे काही गोष्टी काढून टाकल्या, दुसऱ्या घातल्या, आणि एनवायू एका फटक्यात २५ वरून ३५ वर आली. पुढच्या वर्षी ३०. आता त्या बारा महिन्यांत वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये काय बदललं? काहीच नाही, तीच बिल्डिंग, तेच प्रोफेसर, तोच फीचा आकडा (तो फक्त वर गेला). आणि हे रँकिंग अंडरग्रॅडचं आहे, म्हणजे बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी, तुम्ही एमएसला चाललात, तरी कन्सल्टंटच्या ब्रोशरवर तोच नंबर छापलेला असतो.

सगळ्यात मोठा किस्सा शेजारच्या कोलंबियाचा. २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्रोफेसरने, मायकेल थॅडियस यांनी, युनिव्हर्सिटीने यूएस न्यूजला दिलेले आकडे तपासून दाखवून दिलं की वर्गाच्या आकारापासून बरेच आकडे जुळतच नाहीत. कोलंबिया तेव्हा दुसऱ्या नंबरवर होती. चौकशी झाली, युनिव्हर्सिटीने पण चुका मान्य केल्या, आणि त्याच वर्षी नंबर दोनवरून अठरा. पुढच्या वर्षी कोलंबियाने त्या अंडरग्रॅड रँकिंगला आकडे देणंच बंद केलं. कोलंबिया वाईट आहे का? अजिबात नाही, उत्तम आहे. दोनवर होती तेव्हाही तेवढीच उत्तम आणि अठरावर आली तेव्हाही.

मग रँकिंग बघायचंच नाही का?

बघा की, पण जिथे त्याचे रोख पैसे होतात तिथे. तीन जागा मला माहीत आहेत.

एक, महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिथे युनिव्हर्सिटी क्यूएस रँकिंगच्या ठराविक नंबरच्या आत असावी लागते. ती मर्यादा जाहिरातीत दिलेली असते, अधूनमधून बदलते, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. एनवायू त्यात आरामात बसते. या स्कीममध्ये फी, निर्वाह भत्ता आणि विमानाचं तिकीट मिळतं, आणि ती मिळत असेल तर या पानावरचा अर्धा मजकूर तुमच्यासाठी नाही, सरळ जा. एनवायूच काय, कोलंबियालाही जा. इतर मागास, मराठा आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या स्कीम आहेत, त्या पण तपासा, कागदपत्रं आधीपासून गोळा करा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला शेवटच्या आठवड्यात पळू नका.

दोन, लोन. काही बँका आणि फायनान्स कंपन्यांकडे युनिव्हर्सिट्यांची यादी असते, त्यात नाव असेल तर तारण न ठेवता जास्त रक्कम मिळते, कधी व्याज पण थोडं कमी.

तीन, इंग्लंडचा हाय पोटेन्शियल व्हिसा, २०२२ मध्ये सुरू झालेला. जगातल्या ठराविक टॉप युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतलेल्याला नोकरीची ऑफर नसतानाही तिकडे जाऊन काम शोधता येतं. यादी दरवर्षी येते, एनवायू त्यात आलेली आहे. अमेरिकेत गाडी अडली तर हा एक दरवाजा आहे, लोकांना माहीतच नसतो.

टँडन आणि कुरांट एकच ना? दोन्ही एनवायूच?

डिग्री एनवायूचीच, पण एकच नाही. टँडन म्हणजे ब्रुकलिनमधलं इंजिनिअरिंग कॉलेज. मूळचं ब्रुकलिन पॉलिटेक्निक, १८५४ चं, स्वतंत्र होतं, ते २०१४ मध्ये एनवायूत पूर्ण विलीन झालं. २०१५ मध्ये चंद्रिका आणि रंजन टंडन यांनी १० कोटी डॉलर दिले म्हणून हे नाव. (चंद्रिका टंडन म्हणजे पेप्सीच्या माजी प्रमुख इंद्रा नूयी यांची थोरली बहीण, आणि २०२५ मध्ये त्यांना ग्रॅमी पण मिळालं, घरातल्या घरात काय काय असतं एकेकाच्या.) कुरांट म्हणजे मॅनहॅटनमधली गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची जुनी नामांकित संस्था, एआयमधले यान लकून वगैरे तिथले. कुरांटचं कॉम्प्युटर सायन्सचं एमएस ३६ क्रेडिटचं आणि ॲडमिशन जास्त कठीण, टँडनचं ३० क्रेडिटचं आणि बॅच मोठी.

म्हणजे होतं काय, तुम्ही लकूनचं नाव आणि कुरांटची प्रतिष्ठा ऐकून भुलता आणि ॲडमिट येतं टँडनचं. लेटरवर कोणत्या स्कूलचं नाव आहे, डिपार्टमेंट कोणतं, दुसऱ्या कॅम्पसचे कोर्स घेता येतात का आणि किती, हे ईमेल करून विचारा, उत्तर देतात ते. टँडन कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाहीये हां. सायबर सिक्युरिटीमध्ये ते खरंच मोठं नाव आहे, सीसॉ नावाची त्यांची सिक्युरिटीची स्पर्धा २००३ पासून चालते आणि तिचा एक फायनल राउंड भारतात आयआयटी कानपूरला होत आलाय. वायरलेसमध्ये एनवायू वायरलेस सेंटर, मिलिमीटर वेव्हवर फाइव्हजीच्या आधीपासून काम केलेलं. या दोन विषयांत कोणी चाललं असेल तर माझं मत बरंच बदलतं. पण 'सीएसला चाललोय, पुढे बघू काय ते' असं असेल तर एक कोटी हा बघू म्हणण्याचा आकडा नाही.

कोलंबिया आणि एनवायू दोन्ही आलंय, कुठे जाऊ?

कोलंबियाचा क्रेडिटचा रेट एनवायूपेक्षाही जास्त आहे, बाकी हिशोब तोच. कोलंबियाचं नाव निघालं की आपल्याकडे बाबासाहेबांचा विषय निघतोच, आणि निघावाच. पण ते १९१३ मध्ये तिथे गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाच्या स्कॉलरशिपवर, परत येऊन संस्थानाची नोकरी करायची या करारावर, आणि तिथे त्यांना अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे ड्युई यांच्यासारखे प्रोफेसर मिळाले. विषय ठरलेला होता, शिकवणारे ठरलेले होते, पैसे दुसऱ्याचे होते. तुमच्याकडे या तिन्हीपैकी किती आहे ते बघा आणि मग दोनपैकी एक निवडा.

स्वस्त पर्याय कोणते? आणि फरक किती पडतो?

सनी बफेलो आणि सनी स्टोनी ब्रुक ही दोन नावं आपल्या पोरांना माहीत असतात. बाहेरच्या विद्यार्थ्याची ट्यूशन वर्षाला साधारण २४-२५ हजार डॉलर, वर थोड्या फिया. दीड वर्षाचे ४० हजारांच्या आसपास धरा. बफेलोला राहणं हजार डॉलरच्या आत भागतं, थंडी मात्र मोफत आणि भरपूर. टोटल ६० हजार डॉलर, म्हणजे ५४ लाख. एनवायूचे ९५ लाख धरले तर फरक ४० लाखांचा.

हे ४० लाख लक्षात ठेवा, कारण प्रश्न कधीच 'एनवायू चांगली का' असा नसतो, प्रश्न 'हे जास्तीचे ४० लाख मला नेमकं काय मिळवून देतात' असा असतो. ११ टक्क्यांनी दहा वर्षं फेडले तर फक्त या फरकाचा हप्ता महिन्याला ५५ हजार होतो. फक्त फरकाचा!

स्टोनी ब्रुक लाँग आयलंडवर आहे, लाँग आयलंड रेलरोडने मॅनहॅटन दोन तासांवर, कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट फार चांगलं. न्यू जर्सीत रटगर्स आणि न्यूअर्कला एनजेआयटी. होबोकनचं स्टीव्हन्स प्रायव्हेट आहे पण स्कॉलरशिप देतं बऱ्यापैकी. आणि शहराच्या क्यूनीतलं सिटी कॉलेज, हार्लेममध्ये, १८४७ चं, १९७६ पर्यंत तिथे शिकणं फुकट होतं, आजही एनवायूच्या मानाने फी फारच कमी, पण आपल्याकडून कोणी अर्ज करत नाही कारण नाव सांगताना भाव मिळत नाही.

न्यूयॉर्कमध्ये असल्याचा फायदा होतो ना पण? नेटवर्किंग वगैरे?

होतो, आणि हाच एनवायूचा खरा माल आहे, रँकिंगपेक्षा कितीतरी जास्त. गुगलचं चेल्सीतलं ऑफिस, ब्लूमबर्ग, जेपी मॉर्गन, गोल्डमन, सगळं सबवेच्या अंतरावर. एक शैक्षणिक वर्ष झालं की सीपीटीवर (शिकत असताना काम करायची परवानगी) इंटर्नशिप करता येते, आणि शहरातच असल्यामुळे सेमिस्टर चालू असताना आठवड्याचे काही तास पार्ट टाईम इंटर्नशिप करणारे खूप असतात, हे बफेलोला बसून जमत नाही. मीटअप, हॅकेथॉन, संध्याकाळी कुठल्यातरी ऑफिसात पिझ्झा आणि टॉक, हे रोज चालू असतं.

पण यात एक ग्यानबाची मेख आहे. हा फायदा बाहेर पडणाऱ्यालाच मिळतो. मी ट्रेनमध्ये बघतो ना, अर्धी पोरं क्लास, मग दुकानात किंवा कॅन्टीनमध्ये नोकरी, मग रूमवर येऊन डाळ-भात आणि मित्रांबरोबर पुन्हा मराठीत गप्पा, दोन वर्षं असंच. वाईट काही नाही त्यात, दमलेली असतात, पैसे वाचवायचे असतात. पण मग न्यूयॉर्कचं भाडं कशासाठी भरलं? ज्याला अनोळखी माणसाशी जाऊन बोलायला जड जातं, त्याने स्वतःला खरं खरं विचारावं की तो तिथे जाऊन बदलणार आहे का. आणि फिनान्स, मीडिया, ॲडटेक (जाहिरातीचं तंत्रज्ञान), क्वांट (गणितावर चालणारी गुंतवणूक) असल्या खास न्यूयॉर्कच्या धंद्यात जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शहरात असणं खरंच मोजलं जातं. सेमीकंडक्टर किंवा ऑटोमोबाईल करणाऱ्याने न्यूयॉर्कला का यावं मला अजून कळलेलं नाही.

मोठ्या नावामुळे एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) लवकर लागतो का?

नाही. हा व्हिसा लॉटरीने मिळतो, आणि लॉटरीला युनिव्हर्सिटीचं नाव दिसतच नाही. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, त्यासाठी डिग्री सरकारी किंवा ना-नफा संस्थेची हवी, बस. बफेलो आणि एनवायू तिथे एका रांगेत. आता २०२६ पासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे वजन द्यायचा नियम आलाय, सगळ्यात खालच्या लेव्हल एकच्या माणसाच्या नावाची एक चिठ्ठी आणि सगळ्यात वरच्या लेव्हल चारच्या माणसाच्या चार. यातली गंमत अशी की लेव्हल त्या भागातल्या पगारांवरून ठरते, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जो पगार लेव्हल एकमध्ये मोडतो तोच स्वस्त गावात लेव्हल दोन असू शकतो. महागड्या शहरातला मोठा पगार म्हणजे जास्त चिठ्ठ्या असं समीकरण नाही. नव्या एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर भरायला लावणारा २०२५ च्या सप्टेंबरमधला आदेश सगळ्यांना माहीत आहे, अमेरिकेत एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसा) असलेल्याने स्टेटस बदलताना तो लागू नाही असं नंतर स्पष्ट केलं गेलं, पण हे नियम इतके वेगाने बदलतायत की निर्णय घ्यायच्या आठवड्यात पुन्हा बघा. स्टेम ओपीटीची, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगच्या डिग्रीनंतर काम करायच्या परवानगीची, एक अधिक दोन अशी तीन वर्षं हीच सध्या हातातली गोष्ट.

मोठ्या कॉलेजच्या पोरांना पगार जास्त मिळतो असं रिसर्च सांगतो ना?

सांगतो तितकं सरळ नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास गाजलेला आहे. त्यांनी बघितलं की ज्यांना भारी कॉलेजने घेतलं होतं पण जी दुसरीकडे गेली, त्यांची कमाई भारी कॉलेजला गेलेल्यांच्या जवळपासच होती, म्हणजे पोरगं हुशार होतं म्हणून कमावलं. अपवाद गरीब घरातल्या मुलांचा, त्यांना नावाचा फायदा दिसला. २०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांना दिसलं की आयव्ही प्लस म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या अगदी वरच्या कॉलेजमुळे सरासरी पगार फारसा हलत नाही पण अगदी वरच्या एक टक्क्यात जायची शक्यता बरीच वाढते. दोन्ही अभ्यास अंडरग्रॅडचे, दोन्ही तिकडच्या पोरांचे, एनवायू त्या आयव्ही प्लस यादीत नाही. तुमच्या एमएसला ते जसेच्या तसे लावू नका, पण कोणी 'नावामुळे पगार दुप्पट' म्हणालं तर हसून सोडून द्या.

लोन घेऊन जावं का? बाबा म्हणतायत फ्लॅट ठेवू गहाण.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण खरा प्रश्न हाच आहे आणि तोच सगळ्यात शेवटी, डिपॉझिट भरून झाल्यावर विचारला जातो.

एक कोटीपैकी २० लाख घरचे आणि ८० लाख लोन असं धरू. सरकारी बँक तारण घेऊन ९ ते ११ टक्क्यांनी देते, फायनान्स कंपन्या तारणाशिवाय देतात पण ११ ते १४. ११ टक्के, दहा वर्षं धरली तर ८० लाखांचा हप्ता १ लाख १० हजार. पण शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो म्हणून लोक खूश असतात, व्याज मात्र तेव्हाही चढत असतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी अडीच वर्षांत पंधरा-सतरा लाखांची भर पडते, म्हणजे हप्ता सुरू होताना तो १ लाख ३० हजारांच्या आसपास असतो. जमलं तर शिकत असतानाच घरून साधं व्याज भरत राहा, खूप फरक पडतो.

आता चांगली बाजू. न्यूयॉर्कमध्ये १ लाख १० हजार डॉलरची नोकरी लागली तर टॅक्स जाऊन महिन्याला साडेसहा-सात हजार हातात येतात, ओपीटीवर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापत नाहीत म्हणून थोडे जास्त. तीन हजारांत शेअर करून राहिलात तर १४५० डॉलरचा हप्ता जाऊनही उरतात, मनावर घेतलं तर तीन-चार वर्षांत लोन साफ. असं केलेले मला बरेच माहीत आहेत, फोन फिरवला की सांगतील.

आणि दुसरी बाजू. नोकरी सहा महिने उशिरा लागली, किंवा ओपीटी संपताना लॉटरी लागली नाही, किंवा मंदी आली, आणि पुण्याला परत यावं लागलं. हिंजवडीत महिना ८०-९० हजार हातात येणारी नोकरी मिळाली असं धरा, पहिल्या वर्षी ती काही वाईट नाही. हप्ता १ लाख ३० हजार. पूर्ण पगार देऊनही ४०-५० हजार कमी पडतात, ते बाबांच्या पेन्शनमधून किंवा फ्लॅट विकून. मी सगळ्यांना एकच टेस्ट सांगतो: पुण्यात परत आलात असं समजून हप्ता भरून दाखवा, कागदावरच. जमत असेल तर एनवायूला बिनधास्त जा. बफेलोच्या ३५-४० लाखांच्या लोनवर ती टेस्ट ओढूनताणून पास होते, एनवायूच्या ८० लाखांवर बहुतेक मध्यमवर्गीय घरांत नापास. ज्यांचा दुसरा फ्लॅट आहे, धंदा आहे, त्यांनी माझं ऐकू नका, तुमचं गणित वेगळं.

आणि बाबांना निवृत्तीला पाच वर्षं राहिली असतील आणि राहता एकच फ्लॅट असेल तर तो गहाण ठेवून नुसत्या नावासाठी जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल.

छोट्या गोष्टी: व्याजावर आठ वर्षं इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीत. बँकेच्या लोनमधून बाहेर पाठवलेल्या फीवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो टॅक्स) नाही. जे. एन. टाटा एण्डोमेंटला अर्ज कराच, रक्कम तुमच्या खर्चाच्या मानाने छोटी पण १८९२ पासूनची संस्था आहे आणि रेझ्युमेवर चांगली दिसते.

टीए-आरए (शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदतनीसाचं काम) मिळून फी निघेल ना? सिनियर म्हणाला निघते.

पीएचडीवाल्यांची निघते. एमएसला तासावर पैसे मिळतात, आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यातून खाण्याचा आणि थोडा भाड्याचा खर्च सुटतो. फी नाही. ॲडमिशनबरोबर काही जणांना स्कॉलरशिप येते, आली तर आनंद, आणि नाही आली तर दुसऱ्या युनिव्हर्सिटीची ऑफर दाखवून विनम्र मेल टाकायला काही जात नाही.

राहायचं कुठे?

टँडनच्या पोरांसाठी जर्सी सिटीतलं जर्नल स्क्वेअर आणि ब्रुकलिनमध्ये बे रिज. जर्नल स्क्वेअरला न्यूअर्क ॲव्हेन्यूवर सगळं देशी सामान, पोहे-साबुदाण्यापासून, पण न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनचं भाडं वेगळं आणि सबवेचं वेगळं, रोजचे दोन्हीकडचे धरून हिशोब करा. बे रिजहून आर ट्रेन थेट टँडनजवळच्या जे स्ट्रीटला सोडते. घरमालक महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात, ते विद्यार्थ्याकडे कुठून असणार, मग गॅरेंटर कंपनी किंवा आधीपासून राहणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरायचं. व्हिसा झाल्यावर लगेच शोधाशोध सुरू करा.

बारावीनंतर बॅचलर्सला पाठवायचं असेल तर?

तो चार वर्षांचा खर्च आहे, वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर, आर्थिक मदत नसेल तर सव्वातीन कोटींच्या खाली येत नाही. त्यापेक्षा एनवायू अबू धाबी बघा, डिग्री एनवायूचीच, आर्थिक मदत फार उदार, विमान तीन तासांचं, ॲडमिशन मात्र महाकठीण. (मेडिकलचं कोणी विचारलं तर, हो, एनवायूचं ग्रॉसमन मेडिकल स्कूल २०१८ पासून ट्यूशन घेत नाही, पण आपल्या बारावीवरून थेट तिथे जाता येत नाही.)

नातेवाईकांना काय सांगायचं? सगळ्यांना सांगून झालंय एनवायूला चाललाय म्हणून.

हप्ता तुम्ही भरणार आहात का असं विचारा. खरंच, आत्याच्या व्याह्यांना बफेलो आणि ब्रुकलिन यातला फरक सहा महिन्यांनी आठवणार पण नाही, अमेरिकेत आहे एवढंच आठवतं.

डिपॉझिट भरून टाकलंय आणि आता दुसरीकडून स्कॉलरशिप आली. गेले का पैसे?

डिपॉझिट बहुतेक परत मिळत नाही, पण ४० लाखांच्या फरकापुढे ते धरून बसू नका. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी सिस्टीम) ३५० डॉलर फी नव्या आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) ट्रान्सफर करता येते. व्हिसा अजून झाला नसेल तर इंटरव्ह्यूच्या आधी नव्या आय-ट्वेंटीप्रमाणे फॉर्म दुरुस्त करा. व्हिसा एनवायूच्या नावाने लागून गेला असेल तर पहिल्यांदा अमेरिकेत शिरताना ज्या युनिव्हर्सिटीचं नाव व्हिसावर आहे तिचाच आय-ट्वेंटी असावा लागतो, त्यामुळे नवीन युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच मेल टाका आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तिकीट बुक करू नका.